पुडीतली पांढरी गोळी: दाह दाबलेल्या शरीरातला जंतुसंसर्ग

पार्श्वभूमी

तळकोकणातल्या एका तालुक्याच्या गावी माझं छोटं रुग्णालय आहे. पावसाळ्यात तापाचे रुग्ण रांगेने येतात आणि त्यातल्या निम्म्यांच्या केसपेपरवर ‘लेप्टो?’ (लेप्टोस्पायरोसिस, चिखलपाण्यातून होणारा जंतुसंसर्ग) असं आधीच लिहून ठेवल्यासारखं असतं. हे प्रकरण तशाच एका आठवड्यातलं. ओळख पटू नये म्हणून वय, वाडी आणि नातीगोती बदलली आहेत.

रुग्ण पन्नाशीतला. उन्हाळ्यात चिरेखाणीवर, पावसाळ्यात शेतात. वर्षानुवर्षं चिरे उचलून गुडघे गेलेले. एका शिबिरात ‘थोडी साखर’ निघाली होती, तिची गोळी आठवण झाली तर घ्यायचा. आषाढात लावणी चालू असताना कणकण सुरू झाली, मग खोकला, उजव्या बरगडीखाली जडपणा. ओळखीच्या एकाने दोनदा ‘ताप उतरायचं’ इंजेक्शन दिलं, त्याने दोन दिवस बरं वाटलं. नवव्या दिवशी बायको त्याला रिक्षात घालून घेऊन आली.

“ताप तसो मोठो नाय, डॉक्टरांनू, पण अंगात काय रवलां नाय,” ती म्हणाली. मी केसपेपरवर ‘अशक्तपणा’ लिहून मोकळा झालो.

पहिले दोन दिवस

ताप ९९.४ फॅरेनहाइट. नाडी ११८, श्वास मिनिटाला २६, रक्तदाब १००/६४. ताप आणि नाडी यांचा मेळ बसत नव्हता, हे मला तेव्हाही जाणवलं होतं. चेहरा गोल, तुकतुकीत. हात-पाय मात्र काटक्या. दंडावर जुने-नवे काळेनिळे डाग. शेतकरी माणूस, लागलं असेल कुठेतरी, असं म्हणून तेही सोडून दिलं.

पांढऱ्या पेशी १७,८००, म्हणजे वाढलेल्या, त्यात जंतूंवर आधी धावून जाणाऱ्या न्यूट्रोफिल ९१ टक्के, लिम्फोसाइट जेमतेम ५ टक्के. साखर ३८६, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिॲटिनिन १.७. दाह किती आहे ते सांगणारं सीआरपी फक्त ३८. मलेरिया, डेंग्यू नाही. लेप्टोच्या झटपट चाचणीत एक पुसट रेघ, उजेडाकडे धरली तरच दिसणारी. आमच्या भागात अशा पुसट रेघेवर फार भरवसा ठेवू नये. लेप्टो पूर्वी होऊन गेलेला असला तरी ती उमटू शकते.

पण लावणीचा चिखल, अनवाणी पाय, पुसट रेघ. मी सेफ्ट्रिॲक्झोन आणि डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक सुरू केली. सोनोग्राफी झाली, पण पोटात गॅस फार होता. ‘यकृत थोडं वाढलेलं’ एवढ्यावर भागवलं. एक गोष्ट मात्र नीट झाली आणि तिचं श्रेय आमच्या सिस्टरांचं. पहिलं अँटिबायोटिक जायच्या आधी त्यांनी मला थांबवलं आणि ब्लड कल्चरच्या (रक्तात कोणता जंतू वाढतो ते पाहण्याच्या) दोन बाटल्या भरून घेतल्या. त्या संध्याकाळच्या एसटीने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत गेल्या.

औषधं कोणती चालू आहेत, हे मी विचारलं होतं. उत्तर आलं, साखरेची गोळी, तीही कधीकधी.

दुसरी रात्र

दुसऱ्या रात्री साडेअकराच्या सुमारास रक्तदाब ८०/५० वर आला. दोन लिटर सलाइन गेलं, रक्तदाब वाढवणाऱ्या नॉरॲड्रिनलिनचा पंप लावला, तरी वरचा आकडा ९० पलीकडे जाईना. सोडियम १२६, म्हणजे कमी. आणि आदल्या दिवशी ३८६ असलेली साखर इन्सुलिनचे मोजके युनिट देऊन ८८ वर आलेली. सेप्सिसमध्ये (संसर्गाने सगळं शरीर कोलमडतं तेव्हा), मधुमेह असलेल्या माणसात, साखर अशी सहजासहजी खाली येत नाही.

मी बायकोला पुन्हा विचारलं, “काकी, गोळी नाही, पण दुसरं काही घेतात का? काढा, चूर्ण, पुडी?”

“पुडी घेतत ना. सांध्यांची. पण जेवानच जाय नाय म्हणान तीन-चार दिवस तीव नाय घेतली.”

तिने पिशवीतून चंची काढली. पानतंबाखूच्या शेजारी वर्तमानपत्राच्या कागदाची घडी. आत सुट्या गोळ्या: एक पिवळी वेदनाशामक, एक आम्लपित्ताची, आणि दोन बारक्या पांढऱ्या. त्या पांढऱ्या म्हणजे अर्धा मिलिग्रॅमच्या डेक्सामेथासोन (डेक्सा) या स्टेरॉइडच्या. रोज एक पुडी, तीन वर्षांहून जास्त काळ, बाजारच्या दिवशी एका औषध दुकानातून, कुठल्याही चिठ्ठीशिवाय. एवढा वेळ मी ज्या गोल चेहऱ्याकडे पाहत होतो, तो स्टेरॉइडचा चेहरा आहे, हे मग मला दिसलं. घरचे त्याला ‘अंग धरलंय’ म्हणत होते.

आत काय चाललं होतं

इथे थोडं थांबून पेशींकडे पाहिलं पाहिजे, नाहीतर पुढचा निर्णय उलटसुलट वाटेल.

जंतू शिरला की ऊतींमधल्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, त्याला आधी ओळखतात. ग्रॅम-निगेटिव्ह जंतूच्या कवचातलं लायपोपॉलिसॅकराइड टीएलआर-४ या ग्राहीच्या मार्फत पेशीला चेतवतं, एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन केंद्रकात शिरतं आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ हे पेशींचे निरोप्ये (सायटोकाइन) तयार होऊ लागतात. ताप येतो तो यांच्यामुळे. यकृत सीआरपी बनवतं तेही मुख्यतः इंटरल्यूकिन-६ च्या सांगण्यावरून. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर चिकटण्याच्या जागा तयार होतात, न्यूट्रोफिल तिथे अडकतात आणि भिंत ओलांडून संसर्गाच्या जागी पोचतात.

याच वेळी ब्रेकही लागायला सुरुवात होते. तेच टीएनएफ आणि इंटरल्यूकिन मेंदूपर्यंत खबर पोचवतात, तिथून हुकूम सुटतो आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथी जास्त कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, सोडतात. कॉर्टिसॉल पेशीत शिरून आपल्या ग्राहीला भेटतं, केंद्रकात जातं आणि एनएफ-कप्पा-बीचा हात धरतं. शिवाय मॅक्रोफेज स्वतःच काही तासांनी इंटरल्यूकिन-१० सोडू लागतात. १९८९ मध्ये या रेणूची पहिली ओळख झाली तीच ‘इतर सायटोकाइनचं उत्पादन रोखणारा घटक’ अशी. तो एसटीएटी-३ या मार्गाने टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१२ कमी करतो, आणि मॅक्रोफेजच्या अंगावरचे एमएचसी वर्ग-२ चे रेणू घटवतो. म्हणजे टी पेशींना जंतूचे तुकडे दाखवण्याचं काम मंदावतं, आणि मॅक्रोफेजला मारक बनवणारा इंटरफेरॉन-गॅमाही कमी मिळतो.

हा ब्रेक फालतू नाही. इंटरल्यूकिन-१० चं जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या आतड्यात आपोआप दाह पेटतो, हे १९९३ मध्ये दिसलं. उलट, १९९० च्या दशकात सेप्सिसच्या रुग्णांत टीएनएफ रोखणारी औषधं देऊन पाहिली, त्यांनी म्हणावा तसा फायदा दिला नाही. ब्रेक हवाच, पण कधी आणि किती, यावर सगळं अवलंबून.

आमच्या रुग्णात आग लागायच्या तीन वर्षं आधीपासून ब्रेक दाबलेला होता. त्यामुळे ताप ९९ वर, सीआरपी ३८ वर. आणि ते १७,८०० चं ‘भक्कम’ दिसणारं आकडेवारीचं सोंग! शरीरातले बरेचसे न्यूट्रोफिल रक्तवाहिन्यांच्या कडेला चिकटून असतात, ते मोजणीत येत नाहीत. स्टेरॉइड त्यांना भिंतीवरून सोडवतं. मग ते प्रवाहात येतात, आकडा फुगतो, पण चिकटताच येत नसल्याने ऊतींत शिरणं घटतं. रक्तात गर्दी आणि गळवात दुष्काळ. वर चढलेल्या साखरेने न्यूट्रोफिल आणखी आळशी होतात, आणि ती साखरही बऱ्याच अंशी त्याच पांढऱ्या गोळीची देणगी.

दुसरा परिणाम जास्त घातक. रोज १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन म्हणजे साधारण २५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनच्या (औषध म्हणून दिलेल्या कॉर्टिसॉलच्या) तोडीची मात्रा. बाहेरून एवढं मिळत राहिलं की मेंदूकडून हुकूम सुटणं बंद होतं आणि ग्रंथी सुकतात. जेवण जाईना म्हणून पुडी थांबली, त्याच दिवशी शरीरातला एकमेव कॉर्टिसॉलवजा पुरवठा थांबला. रक्तवाहिन्यांना ताण धरून ठेवायलाही कॉर्टिसॉल लागतं. ते नसलं तर नॉरॲड्रिनलिनलाही त्या नीट दाद देत नाहीत.

पर्याय

रात्री साडेबाराला समोर असलेले मार्ग:

स्टेरॉइड अजिबात द्यायचं नाही. संसर्ग कशाचा ते माहीत नाही, प्रतिकारशक्ती आधीच दबलेली, आणखी दाबायची कशाला? ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांचं मत हेच होतं आणि वरवर पाहता ते चुकीचं नव्हतं.

पुडीतलं डेक्सा तेवढंच चालू करायचं. हा मला सगळ्यांत वाईट पर्याय वाटला. डेक्साचा दाहशामक जोर मोठा आणि मीठ-पाणी धरून ठेवण्याचा गुण जवळजवळ नाही. म्हणजे ब्रेक तर लागणार, पण रक्तदाबाला हवी तेवढी मदत नाही.

हायड्रोकॉर्टिसोन, संकटात शरीराने स्वतः जेवढं बनवलं असतं साधारण तेवढं.

चौथा, रुग्ण लगेच हलवायचा. पण घाटात दरड कोसळून कोल्हापूरचा रस्ता बंद होता. गोव्याकडे जाता आलं असतं, मात्र ८० रक्तदाबाच्या माणसाला दोन-अडीच तास पावसात ॲम्ब्युलन्समध्ये ठेवणं मला धोक्याचं वाटलं.

कॉर्टिसॉलसाठी रक्ताचा नमुना आधी काढून ठेवला. हायड्रोकॉर्टिसोन एकदा गेलं की त्या तपासणीला अर्थ उरत नाही. मग १०० मिलिग्रॅम शिरेतून, आणि पुढे दर सहा तासांनी ५०. पहाटे पाचला रक्तदाब १०६/६८ होता आणि पंप निम्म्यावर आला होता. तो नमुना नंतर २.१ मायक्रोग्रॅम निघाला. इतक्या आजारी माणसात वीसच्या आसपास किंवा वर अपेक्षित असतो.

सकाळी मुंबईहून रातोरात आलेला मुलगा समोर उभा राहिला. “डॉक्टर, स्टेरॉइडमुळेच हे झालं म्हणता, आणि तुम्ही पण स्टेरॉइडच देताय?” प्रश्न चोख होता. त्याला मी भाजावळीचं उदाहरण दिलं. राब भाजताना कडेला ओले टहाळे घेऊन माणसं उभी करतात. आग पेटायच्या आधीच त्यांनी झोडपायला घेतलं तर जमीन भाजत नाही, तण तसंच राहतं. ती माणसं अजिबात नसली तर शेजारची काजूची बाग जाते. तुझ्या बाबांच्या बांधावरची माणसं पुडीने तीन वर्षांत घालवली, आणि आता पुडीही बंद. मी तेवढी माणसं परत उभी करतोय, जास्त नाही. तो गप्प बसला, पण पटलं असावं. गावातलं पोर, लहानपणी टहाळा धरून उभं राहिलेलं.

जंतूचं नाव

तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी पुन्हा केली, या वेळी घाई न करता. यकृतात मधाच्या पोळ्यासारखी बारीक पोकळ्यांची गळवं, प्लीहेतही दोन. दुपारी प्रयोगशाळेचा फोन आला: बाटलीत ग्रॅम-निगेटिव्ह दंडाकार जंतू. सेफ्ट्रिॲक्झोन चालू असताना हालत बिघडलेली, यकृत-प्लीहेत गळवं, मधुमेह, स्टेरॉइड. नाव कळायची वाट न पाहता त्याच तासाला मेरोपेनेम हे जास्त जोरदार अँटिबायोटिक सुरू केलं, दर आठ तासांनी एक ग्रॅम. खर्चाचा विषय मुलाशी उघडपणे बोललो.

दुसऱ्या दिवशी कागद आला: ‘स्यूडोमोनास प्रजाती’. खाली तक्ता. जेंटामायसिन दाद देत नाही, कोलिस्टिन दाद देत नाही, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड मात्र चालतं. नेहमीच्या स्यूडोमोनासचं हे बरोबर उलटं. त्याला कोलिस्टिन सहसा लागू पडतं आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड पडत नाही. मी फोन केला, तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी स्लाइड पुन्हा पाहिली. “दोन टोकं गडद, मधे फिकट, सेफ्टी पिनसारखं दिसतंय,” त्या म्हणाल्या. पुढच्या तपासण्यांत नाव पक्कं झालं: बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलाय. आजार मेलिऑइडोसिस.

१९११ मध्ये रंगूनमध्ये व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी हा आजार पहिल्यांदा ओळखला. जंतू ओल्या मातीत, भातखाचरात राहतो, पायाच्या चिरांमधून किंवा श्वासातून शिरतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तो आहे, आपण त्याला दुसऱ्या नावांनी ओळखत राहतो एवढंच. मधुमेह हा त्याचा सगळ्यांत मोठा साथीदार, दीर्घकाळचं स्टेरॉइड हा आणखी एक. सेफ्ट्रिॲक्झोन त्याच्यावर भरवशाचं नाही. तो मॅक्रोफेजमध्ये गिळला जाऊनही पिशवी फोडून बाहेर पडतो आणि पेशीच्या आतच वाढतो. अशा जंतूला मारायला इंटरफेरॉन-गॅमाने चेतलेला मॅक्रोफेज लागतो, आणि डेक्सा नेमकी तीच चेतना काढून घेतं.

पाचव्या दिवशी पंप सुटल्यावर सीटी स्कॅन आणि पुढच्या उपचारांसाठी त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांशी मी रोज बोलत होतो.

बाराव्या दिवसाचा ताप

हायड्रोकॉर्टिसोन टप्प्याटप्प्याने कमी होत असताना, बाराव्या दिवशी ताप १०२ वर गेला. सीआरपी १४०. मुलाचा फोन: “आल्यावर ताप नव्हता, आता चढतोय. औषध लागू पडत नाहीये का?”

आता चार वाटा होत्या: अँटिबायोटिक बदलणं, स्टेरॉइड परत वाढवून ताप दाबणं, नवीन गळू शोधणं, किंवा थांबणं. स्टेरॉइड वाढवलं असतं तर तक्ता सुंदर दिसला असता आणि आपण पुन्हा आंधळे झालो असतो. तिथल्या टीमने कल्चर पुन्हा पाठवलं, सोनोग्राफी केली, शिरेतली नळी बदलली. कल्चर निर्जंतुक. गळवं वाढलेली नाहीत. रुग्ण मात्र नऊ-दहा दिवसांत पहिल्यांदा पेज मागत होता. मेलिऑइडोसिसमध्ये योग्य औषध असूनही ताप उतरायला नऊ-दहा दिवस लागणं नेहमीचं, खोल गळवं असली तर त्याहूनही जास्त. त्यामुळे औषध तेच ठेवलं.

माझं वाचन असं: ब्रेक सैल झाला, पेशींना पुन्हा आवाज फुटला. पहिल्या दिवशीचा ९९.४ मला जास्त घाबरवायला हवा होता, बाराव्या दिवशीचा १०२ कमी. तापाचा तक्ता एकटा वाचू नये. माणूस जेवतो का, नाडी कुठे आहे, कल्चर काय म्हणतं, हे त्याच्या शेजारी ठेवावं लागतं. एकोणिसाव्या दिवशी ताप गेला.

निकाल

मेरोपेनेम चार आठवडे, मग को-ट्रायमॉक्साझोल हे दुसरं अँटिबायोटिक तीन महिने. साखर इन्सुलिनवरून गोळ्यांवर आली आणि डेक्सा गेल्यावर तीही कमी लागू लागली. हायड्रोकॉर्टिसोन सकाळी १५ आणि दुपारी ५ मिलिग्रॅमवर ठेवलं. सहाव्या महिन्यात सकाळचं कॉर्टिसॉल वर येऊ लागलं होतं, पण पुरेसं नव्हतं. त्या वर्षीची लावणी भावकीने पुरी केली. खाणीवर तो परत गेला नाही. गुडघे तसेच आहेत, आणि दर खेपेला तो विचारतो, “डॉक्टरांनू, ती नको, पण तशीच दुसरी काय नाय?” याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. व्यायाम, वजन, पट्टा आणि पॅरासिटामॉल हे उत्तर पांढऱ्या गोळीच्या मानाने फार फिकं पडतं. १९४८ मध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं तेव्हा अंथरुणाला खिळलेली बाई काही दिवसांत चालू लागली आणि १९५० मध्ये त्या शोधाला नोबेल मिळालं. तो चमत्कार बाजारच्या दिवशी काही रुपयांत मिळत असताना गुडघ्याचे व्यायाम कोण करणार?

वेगळं काय करता आलं असतं

प्रश्न चुकीचा विचारला गेला. ‘औषधं कोणती?’ याला आमच्याकडे ‘काही नाही’ असंच उत्तर येतं, कारण पुडी हे औषध मानलं जात नाही. आता मी ‘सांध्यांसाठी काय घेता?’ असं विचारतो आणि पिशवी पालथी करून घेतो.

चेहरा, काळेनिळे डाग, साखर आणि तापाशी न जुळणारी नाडी, हे चारही पहिल्याच तासात माझ्यासमोर होते. ते एकत्र वाचले असते तर हायड्रोकॉर्टिसोन दीड दिवस आधी गेलं असतं आणि पंप लावावा लागला नसता, असं मला वाटतं. सीआरपी ३८ पाहून मला हायसं वाटलं होतं, ही चूक मी सगळ्यांत वर ठेवीन. स्टेरॉइडवरच्या माणसात कमी सीआरपी म्हणजे कमी संसर्ग नव्हे.

सोनोग्राफी ‘गॅस आहे’ म्हणून सोडली, ती दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी परत व्हायला हवी होती. गळवं तेव्हाच दिसली असती तर लेप्टोवरचा माझा विश्वास तिथेच ढळला असता.

स्टेरॉइडबद्दल मात्र आजही तोच निर्णय घेईन, आणि बंद करण्याची घाई तेव्हासारखीच करणार नाही. कोविडच्या काळात डेक्सा हा शब्द घराघरात पोचला. २०२० च्या रिकव्हरी चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने घटवले, ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र काहीच फायदा दिला नाही. हा दुसरा अर्धा भाग गावापर्यंत आलाच नाही.

दुकानाबाबत अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी कळवलं. रुग्णाला एक चिठ्ठी लॅमिनेट करून दिली: ‘मला रोज हायड्रोकॉर्टिसोन लागतं, अचानक बंद करू नये, ताप आला तर मात्रा दुप्पट, उलट्या झाल्या तर लगेच इंजेक्शन.’ ती तो आधार कार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवतो. माघात त्याला खोकला-ताप आला तेव्हा रात्रीच त्याने मात्रा दुप्पट केली आणि सकाळी पहिल्या एसटीने येऊन बसला. ताप १०१ होता. छाती साफ होती, दोन दिवसांत बरा झाला.